कांबळेकाकांच्या चौदा कंपन्या

"चौदा कंपन्या आहेत मॅडम. मोजून बघा," कांबळेकाका म्हणाले. "आणि तुम्ही म्हणता ही एकच कंपनी आहे?"

मी तसंच म्हटलं होतं आणि जरा ऐटीतच म्हटलं होतं. टेबलावर माझा प्रिंटआउट पसरलेला होता. आडव्या ओळी, उभे रकाने, प्रत्येक चौकोनात एक आकडा. तो कागद करायला मला दोन दिवस लागले होते आणि त्याचा मला अभिमान होता. काकांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग घडी घालून माझ्याकडे सरकवला.

"सिमेंटवाले गुजरातचे. रंगवाले इथलेच. लिफ्टवाले दक्षिणेकडले. मालक वेगळे, कारखाने वेगळे. एक कशी?"

आमचं ऑफिस दादरला, भाजी मार्केटजवळ एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. आम्ही सब-ब्रोकर, म्हणजे मोठ्या ब्रोकरच्या हाताखालचे छोटे ब्रोकर. लोकांसाठी शेअर घ्यायचे, विकायचे आणि त्यावर दलाली मिळवायची. मालक नितीनभाई. मी गिरगावातून रोज यायची. स्टॅटिस्टिक्स घेऊन एम.एस्सी. केलेलं, म्हणून माझ्या कार्डावर 'रिसर्च' असं छापलं होतं. अख्खं रिसर्च डिपार्टमेंट म्हणजे मी, एक कॉम्प्युटर आणि एक हलणारी खुर्ची.

कांबळेकाका आमचे जुने क्लायंट. परळला चाळीत राहायचे. वय साठीच्या पुढे. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं. वीस-बावीस वर्षं त्यांनी गिरणीत साचे चालवले होते. साचा म्हणजे लूम, कापड विणायचं यंत्र. मग संप झाला. संपानंतर गिरणी अर्धीमुर्धी चालू झाली, पुन्हा बंद पडली आणि शेवटी कायमची बंद झाली. काकांनी पुढची वर्षं एका बिल्डिंगवर वॉचमनगिरी केली. गिरणीची देणी मिळाली तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते.

ते पैसे त्यांनी शेअरमध्ये घातले. कुणाच्या टिप्सवर नाही. रोज सकाळी वाचनालयात जाऊन ते पेपरांतली बाजाराची पानं वाचायचे. कंपन्यांचे वार्षिक अहवाल मागवायचे, डिक्शनरी शेजारी ठेवून वाचायचे. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक डॉक्टर-वकिलांना ताळेबंद कळत नसे. काकांना कळायचा.

त्यांच्या चौदा कंपन्या कुठल्या, ते सांगते. दोन सिमेंटच्या, दोन स्टीलच्या, एक रंगाची, एक टाइल्सची, एक लिफ्टची, एक विजेच्या वायरींची, दोन घरकर्ज देणाऱ्या, तीन बिल्डरांच्या आणि एक काचेची. मी त्यांना एकदा विचारलं होतं की हीच का निवडलीत. तेव्हा ते म्हणाले होते, "माझी गिरणी पाडून तिथं टॉवर उभा राहिला. मी रोज गॅलरीतून बघायचो. आधी सिमेंटचे ट्रक आले, मग सळया, मग काचा, मग लिफ्ट. जे जे आलं, ते ते मी घेत गेलो. जागा आमच्या घामाची. फ्लॅट काही मला मिळणार नाही. पण त्या टॉवरच्या नफ्यातला माझा वाटा मी घेणार."



आणि त्यांचं बरोबरही ठरत होतं. बाजार वर, बांधकामवाले त्याहून वर. काकांचं बघून साचेखात्यातले त्यांचे पाच मित्रही आमच्याकडे आले. सहा जण, सहा खाती, पण यादी एकच, काकांची. सहाही जणांनी मनात एक गोष्ट धरली होती. त्यांच्या चाळीखाली पिठाच्या गिरणीचा गाळा होता, बंद पडलेला. तो विकत घेऊन तिथं पोरांसाठी अभ्यासिका करायची. टेबलं, खुर्च्या, दिवे, पंखे, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. काकांची मुलगी दहा बाय बाराच्या खोलीत जागा नाही म्हणून हॉस्पिटलच्या बाकावर बसून बारावीपर्यंत शिकली होती. आई तिथं कामाला, म्हणून कुणी हटकत नसे. ती पुढे बँकेत ऑफिसर झाली. काका म्हणायचे, "सगळ्यांची आई हॉस्पिटलात नसते."

गाळेवाला कल्याणला राहायला गेलेला. दरवर्षी भाव वाढवायचा. म्हणून दोन-तीन दिवसांपूर्वी काका येऊन एक सांगून गेले होते. सहा जणांच्या बँकेतल्या एफडी मोडायच्या आणि तेही सगळं याच चौदा कंपन्यांत घालायचं. एका वर्षात गाळा आपला.

ते ऐकून मी घाबरले होते. म्हणूनच तो कागद केला.

आता त्या कागदात काय होतं, ते सोपं करून सांगते. दोन शेअर एकमेकांच्या चालीनं किती चालतात, हे मोजायचं एक माप असतं. त्याला कोरिलेशन म्हणतात. पहिला वर गेला की दुसरा दर वेळी वर, पहिला खाली की दुसराही खाली, असं असेल तर आकडा एक येतो. दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नसेल तर शून्याच्या आसपास. एक वर जाताना दुसरा खाली जात असेल तर उणे. पैसे पाच-दहा ठिकाणी वाटून ठेवायचे, त्याला आमच्या धंद्यात डायव्हर्सिफिकेशन म्हणतात. पण ठिकाणं नुसती जास्त असून भागत नाही. त्यांची चालही वेगवेगळी हवी. एक झोपलं तर दुसऱ्यानं जागं राहावं, एवढाच हेतू.

काकांच्या चौदा कंपन्यांचे एकमेकींशी आकडे जवळजवळ सगळे एकाला चिकटलेले होते. ते मी त्यांना ऐटीत दाखवलं.

काकांनी घडी घातलेला कागद पुन्हा उघडला. खालच्या चार ओळींवर बोट ठेवलं. तुलनेसाठी मी तिथं चार बाहेरच्या कंपन्या घेतल्या होत्या. दोन औषधांच्या, एक साबणाची, एक चहाची.

"ही औषधाची कंपनी. सिमेंटशी हिचा आकडा किती?"

मी पाहिलं. तोही एकाच्या जवळ.

"आणि साबणाचा?"

तोही.

"म्हणजे औषधवाला, साबणवाला, चहावाला, सगळे सिमेंटच्याच घरातले," काका शांतपणे म्हणाले. "मग अख्खा बाजारच एक कंपनी झाला. माझी यादी बदलून मला काय मिळणार?"

कागद करताना त्या चार ओळींकडे मी नीट बघितलंच नव्हतं. काकांनी पेपर काखेत घेतला. "सोमवारी एफडी मोडून चेक आणतो," म्हणाले आणि जिना उतरून गेले.

नितीनभाई आपल्या केबिनमधून सगळं ऐकत होते. केबिन म्हणजे एक काचेचं पार्टिशन.

"काय गरज होती?" ते म्हणाले. "क्लायंट खूश आहे. खूश क्लायंटला हात नाय लावायचा."

"भाई, बांधकाम पडलं तर सहाच्या सहा घरं एकदम पडतील."

"पडेल तेव्हा बघू. आणि तुझ्या कागदात तर समदेच सारखे आले ना? मग कशाला बोलली?"

ते मला जास्त लागलं. मी जागेवर जाऊन कागदाकडे बघत बसले. औषध आणि सिमेंट यांची चाल एक कशी असेल? मंदी आली म्हणून कुणी बीपीची गोळी अर्धी करतं का?

चहा आला. मी तो तसाच ठेवला. आणि माझी चूक मला दिसली. इतकी साधी की दुसऱ्या वर्षाच्या पोरानं केली असती तर मी त्याला हसले असते.

मी भावांचं कोरिलेशन काढलं होतं. नुसत्या भावांचं. त्या काही वर्षांत बाजारात सगळ्याचेच भाव चढत होते. चढत्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की आकडा एकाच्या जवळ येणारच. माझ्या भाच्याची उंची दरवर्षी वाढत होती. आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या वडापावची किंमतही दरवर्षी वाढत होती. दोघांचं कोरिलेशन काढलं तर सुंदर येईल. म्हणून वडापाव महाग करून भाचा उंच होत नाही.

मोजायचा असतो तो बदल. या महिन्यात सिमेंट किती टक्क्यांनी हललं आणि त्याच महिन्यात औषध किती हललं. चढाव सगळ्यांचा सारखा असला तरी वाटेतले धक्के कुणाला एकदम बसतात, कुणाला वेगळे, ते त्यात कळतं. ही गोष्ट मी कॉलेजात शिकले होते, परीक्षेत लिहिली होती, आणि कामात विसरले होते.

शुक्रवार-शनिवार बसून मी सगळं नव्यानं केलं. प्रत्येक कंपनीचा महिन्यामहिन्याचा बदल काढला आणि त्यांची गाठ घातली. या वेळी कागद वेगळाच दिसला. काकांच्या चौदा कंपन्या एकमेकींशी अजूनही घट्ट. सिमेंटला ठेच लागली की त्याच महिन्यात सळई, टाइल्स, लिफ्ट, घरकर्ज, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. औषधं मात्र आपल्या वाटेनं चालली होती. सिमेंटशी त्यांचा आकडा शून्यापासून फार लांब नव्हता. साबण आणि चहा मधे कुठेतरी.

मी नितीनभाईंना कागद दाखवला.

"अने पहेलांवाला?" गडबडीत ते गुजरातीवर यायचे. "आधीचा कागद?"

"चुकला होता."

"हे तू क्लायंटला सांगणार? की आम्ही चुकलो?"

"सांगावंच लागेल. सोमवारी ते एफडी मोडणार आहेत."

नितीनभाईंनी थोडा वेळ कॅल्क्युलेटरशी चाळा केला. "मग इथं नको सांगू. बाकीचे क्लायंट बसलेले असतात. घरी जा. आणि मिठाई घेऊन जा, माझ्या नावानं."

रविवारी सकाळी मी पेढे घेऊन परळला गेले. चाळीचा तिसरा मजला, कोपऱ्याची खोली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मुलीच्या पदवीदानाचा फोटो. काका जमिनीवर पेपर पसरून बसले होते. मला बघून चकित झाले, पण तोंडानं एवढंच म्हणाले, "या."

त्यांची बायको शांताबाई. त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा भेटले. ठेंगण्या, जाड काचांचा चष्मा. स्टोव्हवर सुकट परतत होत्या. "बस पोरी," म्हणाल्या. "जेवूनच जा."

मी आधी चूक सांगितली. सगळी. भाव आणि बदल, भाचा आणि वडापाव. काकांचा चेहरा कसा होतो ते मी चोरून बघत होते. भाच्याच्या उदाहरणापाशी ते हसले.

"साच्यावर असंच व्हायचं," ते म्हणाले. "नवा पोरगा कापड बघायचा आणि म्हणायचा, केवढं विणलं. मुकादम कापड नाही बघायचा. धागा कुठं कुठं तुटला ते बघायचा. तुम्ही कापड बघितलंत."

"हो."

"बरं. कबूल केलंत, हे मला आवडलं. आता दाखवा धागे."

मी नवा कागद उलगडला. हळूहळू, एकेक ओळ घेऊन समजावलं. काकांना पटत होतं, ते दिसत होतं. पण ते मान हलवत नव्हते. चौदा कंपन्यांत त्यांचे पैसे होतेच, त्यांचा अभिमानही होता. गिरणीच्या जागेवरचा तो वाटा सोडायचा, ही गोष्ट आकड्यांनी सुटणारी नव्हती.

तेवढ्यात शांताबाईंनी स्टोव्ह बारीक केला आणि पदराला हात पुसत जवळ येऊन बसल्या.

"म्हणजे एकदम वर जातात अन् एकदम खाली येतात का, ते मोजलंस?"

"हो मावशी."

"त्याला कॉम्प्युटर कशाला?" त्या म्हणाल्या. "हे साचेखात्यात होते. मी त्याच गिरणीत वाइंडिंगला. धागा गुंडाळायचं काम. बाया म्हणायच्या, शांता, तुझ्या घरात दोन पगार, तुला कसली काळजी. माझा दीर दुसऱ्या गिरणीत. तो पण आमच्यातच जेवायचा. म्हणजे तीन पगार. संप झाला तेव्हा तिन्ही एकाच दिवशी बंद. तीन कुठले, एकच होता तो."

काका पेपरकडे बघत होते.

"समोर पार्वतीबाईची खानावळ होती," शांताबाई पुढे म्हणाल्या. "तिला वाटायचं, आपला घरचा धंदा, आपल्याला गिरणीशी काय करायचंय. पण तिच्याकडे जेवणारे सगळे गिरणीचे. दोन महिन्यांत तिची चूल विझली. खालचा वाणी, पानवाला, न्हावी, सगळ्यांचं तेच. नावं वेगळी होती. भोंगा एकच होता."

मी पेन खाली ठेवलं. कोरिलेशन इतकं नीट मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. प्रोफेसरांनीही नाही.

"मग तगलं कोण?" मी विचारलं.

"पलीकडच्या खोलीतला पालिकेत होता, झाडूखात्यात. त्याला लोक हलकं समजायचे. त्याचा पगार एक तारखेला यायचा. त्यांच्याकडून मी तांदूळ आणलाय." त्या थांबल्या. "अन् मग मी हॉस्पिटलात आया म्हणून लागले. गिरण्या बंद पडल्या म्हणून माणसं आजारी पडायची थांबतात होय? सतरा वर्षं हे घर त्या पगारावर चाललं. ह्यांना लाज वाटायची. मला नाही वाटली."

काकांनी पेपरची घडी घातली.

"हे तू मला आधी का नाही बोललीस?" काका म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही पेपर वाचत होतात."

काका हसले. आधी थोडं, मग पोट धरून. चष्मा काढून डोळे पुसले. शांताबाईही हसल्या, आणि मीही.

पण काका इतक्यात हार मानणारे नव्हते. जेवताना त्यांनी एक मुद्दा काढला. "मॅडम, आमचं ध्येय काय? गाळा. गाळ्याचा भाव कशावर चालतो? बांधकामाच्या बाजारावर. म्हणजे जागा महाग झाली तर माझे शेअरही वाढलेले असणार. मी सगळे विकून औषधं घेतली आणि जागांचे भाव दुप्पट झाले, तर गाळा हातातून गेला. मग?"

मोठ्या फंडांत हेच काम करायला पगारी माणसं ठेवतात. ज्या गोष्टीसाठी पैसे साठवायचे तिची चाल आणि पैशाची चाल जुळवायची. हा मुद्दा मला सुचला नव्हता. मी तसं सांगितलं.

"मग अर्धे ठेवा," शांताबाई म्हणाल्या. "जागा वाढली तर ते अर्धे कामाला येतील. पडली तर दुसरे अर्धे. आणि एफडीला हात लावायचा नाही. ती माझी पालिका आहे."

असा निर्णय झाला. सोमवारी काका ऑफिसात आले ते चेक न घेता. सोबत पाचही मित्र होते. चौदातल्या आठ कंपन्या विकायच्या, सहा ठेवायच्या. आलेल्या पैशांतून औषधांच्या दोन, साबणाची एक, चहाची एक आणि उरलेले सरकारी रोख्यांत. सहाही खात्यांत. नितीनभाई मनातून खूश, कारण विकण्या-घेण्याची दोन्हींकडची दलाली. पण रोख्यांवर दलाली जवळजवळ नसते, म्हणून रोखे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या दुकानातून गिऱ्हाईक शेजारी पाठवलं.

मग माझे वाईट दिवस सुरू झाले.

बाजार वर गेला. आणि बांधकामवाले तर उडालेच. विकलेल्या आठ कंपन्या रोज नवा उच्चांक करायच्या. औषधं जागच्या जागी. काकांच्या मित्रांत एक सावंत होते, मूळ मालवणचे. ते दर शनिवारी जिना चढून यायचे, माझ्या टेबलासमोर उभे राहायचे आणि विचारायचे, "गो बाय, तुज्या औषधाच्या कंपनीक सर्दी झाली काय?" सगळं ऑफिस हसायचं. मीही हसायची, पण घरी जाऊन विकलेल्या शेअरांचे भाव बघायची. हा आमच्या धंद्यातला जुना आजार आहे. विकलेल्या शेअरचा भाव बघू नये, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि सगळे बघतात.

काका मात्र एकदाही बोलले नाहीत. एकदा मीच विचारलं, "काका, राग येतो का?"

"येतो," ते म्हणाले. "मग मी पलीकडच्या पालिकेवाल्याच्या खोलीकडे बघतो."

वर्ष उलटलं आणि बाजार पडला. तुम्हाला आठवत असेल. परदेशात बँका बुडाल्या आणि इथं आमचे फोन दिवसभर वाजत राहिले. बांधकामाच्या कंपन्यांना तर तळच दिसेना. बिल्डरांचे शेअर इतके खाली आले की स्क्रीन बिघडली असं एका क्लायंटला वाटलं. आम्ही कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करावा, म्हणून त्यानं आग्रह धरला. नितीनभाईंनी त्याच्या समाधानासाठी तसं केलंही.

त्या आठवड्यात सहाही मित्र एकदम जिना चढून वर आले.

"औषधंही पडलीत मॅडम," काका म्हणाले. "तुमच्या कागदात तर त्यांची वाट वेगळी होती."

हे खरं होतं, आणि मी ते आधी पुरेसं सांगितलं नव्हतं. घबराट झाली की लोक बरं-वाईट बघत नाहीत. हाताला येईल ते विकतात. एरवी वेगळे चालणारे शेअर तेव्हा काही दिवस एकत्र पळतात. आग लागली की एकमेकांशी न बोलणारे शेजारीसुद्धा एकाच जिन्यानं उतरतात, तसं. मी त्यांना सरळ सांगितलं की माप साध्या दिवसांचं आहे, दंगलीच्या दिवसांत ते बिघडतं. म्हणून तर रोखे आणि एफडी.

मी सहाही खाती उघडून दाखवली. बांधकामाचे शेअर बसलेले होते. औषधं आणि साबण घसरले होते, पण थोडे, आणि चहा जवळजवळ जागेवर. रोखे जसेच्या तसे, बँकेतल्या एफडीही. सावंतांनी स्क्रीनवर बोट फिरवत हिशेब केला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर्दीच होती ती गो. न्यूमोनिया हेंका झालो." आणि सिमेंटच्या ओळीवर टिचकी मारली. सहा म्हातारे माझ्या टेबलाभोवती हसत होते. त्या दिवशी अख्ख्या दादरमध्ये शेअर दलालाच्या ऑफिसात हसणारे लोक बहुतेक तेवढेच असतील.

पण खरी मजा तीन महिन्यांनी झाली. कल्याणच्या गाळेवाल्याचा काकांना फोन आला. तो स्वतःहून फोन करतोय, हे पहिल्यांदाच घडत होतं. त्यानं कुठल्याशा नव्या टॉवरमध्ये फ्लॅट बुक केला होता आणि हप्ते थकले होते. गाळ्याला गिऱ्हाईक नव्हतं. काकांनी फोन शांताबाईंकडे दिला. त्यांनी आधी त्याच्या आईची तब्येत विचारली, मग पोरांची शाळा, मग अभ्यासिकेबद्दल सांगितलं, आणि मग भाव. गाळेवाल्यानं वर्षभरापूर्वीच्या भावापेक्षा पुष्कळ खाली यायची तयारी दाखवली. शांताबाईंनी त्याला फार पिळलं नाही. "तोही अडलेलाच होता," मला नंतर म्हणाल्या.

एकही बांधकामाचा शेअर न विकता गाळा आला. रोखे आणि एफडी पुरल्या. काकांचे सहा सिमेंट-सळईवाले तसेच राहिले आणि पुढे दोन-तीन वर्षांत त्यांनी मान वर काढली. त्यातून टेबलं-खुर्च्या आणि पुस्तकं झाली.

रजिस्ट्रेशनच्या दिवशी काकांनी ऑफिसात पेढे आणले. सावंत खुर्चीवर उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "ऐका. गिरणी कामगारांनी गिरणी विकत घेतल्यानी. पिठाची का होईना."

अभ्यासिका सुरू झाली तेव्हा मी आणि नितीनभाई दोघंही गेलो. बुद्धवंदना झाली, मग खीर. भाषण करायला काकांनी शांताबाईंना पुढे ढकललं. त्या माइकपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "पंखे बंद करून जात जा." एवढंच बोलून खाली बसल्या. टाळ्या थांबेनात. पहिल्याच दिवशी जागा कमी पडली. तीन मुली दारातल्या पायरीवर बसून वाचत होत्या, आणि काका आतल्या पोरांना जरा सरकून घ्या म्हणून सांगत फिरत होते. त्यांचा चेहरा मी आधी कधीच इतका मोकळा बघितला नव्हता.

परतताना नितीनभाई म्हणाले, "एक नियम करू. मोठा निर्णय असेल तर क्लायंटला एकट्याला नाय बोलवायचं. घरचं माणूस सोबत पाहिजे."

तो नियम आम्ही केला. त्यासाठी दोन खुर्च्या नव्या घ्याव्या लागल्या. निर्णयाला वेळ दुप्पट लागायला लागला आणि दलाली थोडी घटली. क्लायंट मात्र टिकले. मी माझ्या कॉम्प्युटरवर एक चिठ्ठी डकवली, ती मी निवृत्त होईपर्यंत तिथंच होती. तिच्यावर एवढंच लिहिलं होतं: भाव नाही, बदल. आणि खालच्या ओळीही वाचाव्या.